किनाऱ्यावरच्या सुटीला गाडी नव्हे, नीट निवडलेली जागा लागते

कोकणात स्वतःची गाडी घेऊन जाण्यावाचून गत्यंतर नाही, हा समज मुंबई-पुण्याच्या घराघरांत पक्का बसला आहे. समुद्रकिनारी तीन-चार दिवस निवांत राहायचे म्हटले की पहिला प्रश्न निघतो तो गाडी कोणाची आणि चालवणार कोण, हा. मुक्काम कुठे करायचा हे त्यानंतर ठरते, आणि तेही बहुधा खोलीचे फोटो पाहून. ज्यांच्याकडे गाडी नाही ते बेत रद्द करतात किंवा भाड्याची गाडी करून खर्च वाढवून घेतात. या समजाला आधार थोडा आहे आणि त्याचा पगडा मात्र फार मोठा आहे. गाडी अपरिहार्य वाटते, कारण मुक्कामाची जागाच गाडीवाल्यांसाठी असलेली निवडली जाते. जागा विचाराने निवडली तर गाडीशिवायची सुटी सहज पार पडते, आणि ती अधिक निवांत होते.

गाडीच्या बाजूने पाच मुद्दे सांगितले जातात. रेल्वे स्टेशने किनाऱ्यापासून लांब आहेत. एसटीचा भरवसा नाही. बरोबर म्हातारी माणसे आणि लहान मुले असतात. गाडी नसेल तर आजूबाजूचे काही बघून होत नाही. आणि चार-पाच माणसे असली की गाडीच स्वस्त पडते. यांतला एकही मुद्दा हवेतला नाही, म्हणूनच प्रत्येकाला सविस्तर उत्तर दिले पाहिजे. त्याआधी कोकणची भूमी कशी आहे ते पाहणे आवश्यक आहे, कारण सगळ्या वादाची मेख तिथेच आहे.

कोकणच्या किनाऱ्याला दोन मजले आहेत असे म्हणता येईल. वर जांभ्या दगडाचा उघडा सडा, खाली खाडी, पुळण आणि तिला लागून नारळी-पोफळीच्या वाड्या. जुनी गावे वसली ती खाली, पाण्याच्या आणि बंदराच्या आधाराने. रस्ते व्हायच्या आधी मुंबईचा चाकरमानी बोटीने येई. दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला अशा बंदरांत उतरून तो पायी किंवा बैलगाडीने घरी जाई. ही गावे माणसाच्या चालण्याच्या मापाने उभी राहिली. देऊळ, बाजार, बंदर आणि घर यांत पायवाटेचे नाहीतर पाखाडीचेच अंतर असे. सड्यावरची अनेक रिसॉर्टे मात्र गेल्या काही दशकांतली आहेत. वर मोकळी जमीन मिळते आणि खोलीच्या गच्चीवरून समुद्र विस्तीर्ण दिसतो. तो दिसतो, पण तिथून गाठता येत नाही. पाण्यात पाय भिजवायचे तर उतार उतरून दोन-तीन किलोमीटर जावे लागते आणि परतताना तोच चढ चढावा लागतो. अशा जागी उतरलेल्या कुटुंबाला चहापासून औषधापर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी गाडी काढावी लागते आणि ते घरी येऊन सांगते, की कोकणात गाडीशिवाय पान हलत नाही. हा निष्कर्ष त्या रिसॉर्टापुरता खरा आहे. त्यावरून सगळ्या किनाऱ्याबद्दल मत बनवणे चूक आहे.

याच्या उलट गुहागर पाहावे. गावाचा मुख्य रस्ता किनाऱ्याला समांतर जातो. त्याच्या एका बाजूची घरे आणि वाड्या मागच्या अंगाने थेट सुरूच्या झाडांपर्यंत आणि पुळणीपर्यंत पोचतात. गावाचे दोन भाग वरचा पाट आणि खालचा पाट या नावांनी ओळखले जातात. मधोमध व्याडेश्वराचे देऊळ आहे, वरच्या पाटाला दुर्गादेवीचे. एसटी स्टँड, बाजार, खानावळी आणि राहण्याची घरे सगळी या एकाच रस्त्याच्या आसपास आहेत. घरगुती निवासात उतरलेला माणूस पहाटे मागचे दार उघडून पोफळीच्या बागेतल्या पाण्याच्या पाटाच्या कडेने चालत निघाला की काही मिनिटांत त्याच्या पायाखाली वाळू येते. किनारा लांबलचक आणि सपाट आहे, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ चालायला दुसरीकडे जावे लागत नाही. अशा गावात तीन दिवस गाडी अंगणात उभी राहील. ती आणली काय आणि न आणली काय, फरक फक्त प्रवासाच्या शिणात पडेल.

आता पहिला मुद्दा, स्टेशनांच्या अंतराचा. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग जानेवारी १९९८ मध्ये सुरू झाला. तो डोंगरांच्या पोटातून, किनाऱ्यापासून आत गेला, हे खरे आहे. खेडहून दापोली तीसेक किलोमीटर, चिपळूणहून गुहागर सुमारे ४५, कुडाळहून मालवण सुमारे ३०. पण हे अंतर सुटीत दोनदाच कापायचे असते, जाताना एकदा आणि येताना एकदा. त्यासाठी एसटी आहे, रिक्षा आहे, आणि चौघांनी मिळून केलेली जीप आहे. दोन तासांच्या या सोयीसाठी मुंबईपासून शेकडो किलोमीटर गाडी हाकत नेणे हा हिशेब जुळत नाही. कोकणकन्या एक्सप्रेस रात्री मुंबईहून निघते आणि सकाळी कुडाळला पोचते. त्या वेळात रस्त्याने जाणारा माणूस रात्रभर जागा असतो. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि मुदतीमागून मुदती उलटत गेल्या. त्या रस्त्यावर गणपतीच्या किंवा लांबलेल्या शनिवार-रविवारच्या गर्दीत अडकलेल्या माणसाला गाडीने वेळ वाचतो असे कोणी पटवून देऊ शकणार नाही. रेल्वेची खरी अडचण तिकिटाची आहे. सध्या आरक्षण ६० दिवस आधी खुले होते आणि सुटीच्या गाड्या पहिल्याच दिवशी भरतात. यावर उपाय म्हणजे बेत दोन महिने आधी ठरवणे आणि शक्य असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवसांत जाणे.

शिवाय कोकण रेल्वे हा एकच मार्ग नाही. गेटवे ऑफ इंडियापासून मांडव्याला बोटी जातात आणि बोटीच्या तिकिटातच मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस येते. अलिबागच्या एसटी स्टँडपासून किनारा पायी गाठता येतो. वरसोलीसारखे वाड्यांचे गाव शहराला लागूनच आहे आणि नागावला मिनीडोअर किंवा एसटी जाते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो सेवा २०२० पासून सुरू आहे. तिच्यावर गाडी चढवता येते, तसेच पायी प्रवाशालाही बसता येते. उत्तरेला डहाणूपर्यंत २०१३ पासून पश्चिम रेल्वेची लोकल जाते. डहाणूचा किनारा स्टेशनापासून रिक्षाने थोडक्या वेळात येतो आणि घोलवड स्टेशनावरून बोर्डीची शांत पुळण जवळ आहे. पुढे दक्षिणेला, गोव्यात, काणकोण स्टेशनापासून पाळोळे जेमतेम तीन किलोमीटरवर आहे. तिथे खोली, खानावळ आणि समुद्र एकाच अर्धगोल किनाऱ्यावर मिळतात. गाडीवाचून जाता येत नाही असे म्हणणाऱ्यांनी या वाटा आधी तपासायला हव्यात.

दुसरा मुद्दा एसटीचा. फेऱ्या रद्द होतात, गाड्या उशिरा येतात, वेळापत्रक स्टँडवरच्या फळ्यावर एक असते आणि प्रत्यक्षात दुसरे, ही तक्रार खोटी नाही. पण ती सगळीकडे सारखी लागू नाही. वाडीच्या टोकाला दिवसातून दोन-तीन फेऱ्या असतात आणि वस्तीची गाडी चुकली की रात्र तिथेच काढावी लागते. आगार असलेल्या गावात मात्र गाड्या सुटतातच तिथून. एक फेरी रद्द झाली तरी पुढची असते आणि चौकशीच्या खिडकीवर विचारायला माणूस असतो. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, दापोली, गुहागर, मालवण, वेंगुर्ला इथे एसटीची आगारे आहेत. म्हणून गाडीशिवाय जाणाऱ्याने आगाराच्या गावात किंवा त्याला लागून मुक्काम करावा, हा पहिला नियम. तो पाळला तर एसटीवरचा बराचसा अविश्वास गळून पडतो. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धे तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरील प्रवाशांना २०२२ पासून मोफत प्रवास आहे. हेही हिशेबात धरायला हवे.

तिसरा मुद्दा म्हाताऱ्या माणसांचा आणि मुलांचा. हा मुद्दा भावनेला हात घालतो, म्हणून तो सगळ्यांत जास्त वापरला जातो. परंतु घाटातल्या वळणांवर आठ-दहा तास पाय दुमडून बसण्याचा त्रास सर्वांत जास्त होतो तो याच दोघांना. रेल्वेत आडवे होता येते, उठून फिरता येते, स्वच्छतागृह डब्यातच असते. मुक्कामी पोचल्यावर प्रश्न उरतो तो खोली ते किनारा या अंतराचा. तिथे गुडघेदुखीच्या आजीला गाडीचा उपयोग नाही, कारण वाळूत गाडी जात नाही आणि जाताही कामा नये. तिला उपयोग आहे तो तळमजल्यावरच्या खोलीचा, पायऱ्या नसलेल्या वाटेचा आणि घराजवळच्या डॉक्टरचा. या तिन्ही गोष्टी गावात मिळतात, सड्यावर क्वचितच. ज्यांना चालणे अजिबात शक्य नाही, चाकाची खुर्ची लागते, त्यांच्यासाठी गाडी ही गरज आहे, आणि त्यांनी ती जरूर न्यावी. पण त्यांच्या गरजेचा दाखला देऊन धडधाकट कुटुंबांनी तीन-तीन गाड्या काढणे समर्थनीय ठरत नाही. आणखी एका माणसाचा विचार या चर्चेत कधीच होत नाही. तो म्हणजे गाडी चालवणारा. जाताना एक दिवस, येताना एक दिवस आणि मधले दिवस वाट शोधण्यात व पार्किंगची जागा हेरण्यात गेले की घरातल्या त्या एका माणसाला सुटी मिळतच नाही.

चौथा मुद्दा बघण्याचा. इथे विसाव्याची सुटी आणि स्थळदर्शन यांची गल्लत होते. एका दिवसात दोन किल्ले, तीन देवळे आणि चार किनारे उरकायचे असतील तर गाडी लागेल, यात वाद नाही. विसाव्यासाठी आलेल्या माणसाला मात्र एकच गाव नीट पाहायचे असते. मालवणचे उदाहरण घ्यावे. भरड नाक्यापासून बाजारपेठेतून सरळ उतरत गेले की बंदराची जेट्टी येते. तिथून होड्या कुरटे बेटावरच्या सिंधुदुर्गाकडे जातात. या किल्ल्याचे काम नोव्हेंबर १६६४ मध्ये सुरू झाले. दांडीचा किनारा, चिवल्याची पुळण आणि रॉक गार्डन शहराला धरूनच आहेत. चिवल्यावर सकाळी रापण ओढताना पाहायला मिळते. जाळ्याच्या दोराचे एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी अर्धवर्तुळ घेत जाळे सोडत जाते आणि दुसरे टोक लांबवर किनाऱ्याला आणते. मग माणसांच्या दोन रांगा दोन्ही दोर पावलापावलाने ओढत एकमेकींकडे सरकतात. जाळे वाळूवर यायला बराच वेळ लागतो. तेवढा वेळ ज्याच्या हाताशी आहे त्यालाच हे दिसते. पुढच्या ठिकाणाच्या घाईत गाडीत बसून असलेल्याच्या नजरेतून ते सुटते. तारकर्ली मालवणपासून सहा-सात किलोमीटरवर आहे. एका दुपारपुरती रिक्षा केली की तेही होते.

अलिबागला राहणाऱ्याने कुलाबा किल्ल्यात ओहोटीला पायी जायचे असते. त्यासाठी कोकणात पिढ्यान् पिढ्या चालत आलेला ढोबळ हिशेब आहे. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा, तेव्हा सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. स्थानिकांना विचारून ही वेळ पक्की करूनच पाण्यात पाऊल टाकावे. किनाऱ्यावरचा दिवस असा भरती-ओहोटीने आखला जातो, आणि त्या आखणीत गाडीला जागाच नसते. मुरूडला राहणाऱ्याला किनारा गावातच मिळतो. जंजिऱ्याच्या शिडाच्या होड्या राजपुरीहून सुटतात आणि तिथवर रिक्षा जाते. गणपतीपुळ्यात देऊळ, भक्तनिवास आणि समुद्र एकमेकांना लागून आहेत. तिथला समुद्र पोहण्यासाठी मात्र धोक्याचा आहे आणि पाण्यात उतरण्याचा मोह टाळावा.

पाचवा मुद्दा खर्चाचा. गाडी स्वस्त पडते असे म्हणणारे इंधनाला माणसांनी भागतात आणि तिथेच थांबतात. टोल, गाडीची झीज आणि भाड्याची गाडी असेल तर ड्रायव्हरचा भत्ता व रात्रीच्या मुक्कामाचे पैसे या बेरजेत येत नाहीत. तीन दिवस अंगणात उभ्या असलेल्या भाड्याच्या गाडीचेही पैसे द्यावे लागतात. रेल्वेचे शयनयान, पुढे एसटी आणि मध्ये एक दिवस रिक्षा, असा खर्च मांडून पाहिला तर चौघांच्या कुटुंबालाही गाडी स्वस्त ठरेल याची खात्री राहत नाही. शिवाय तोच पैसा गावातल्या रिक्षावाल्याकडे, होडीवाल्याकडे आणि खानावळीच्या मालकिणीकडे जातो. पेट्रोल पंपावर आणि टोलनाक्यावर गेलेल्या पैशाने त्या गावाचे काही भले होत नाही.

गाड्यांमुळे गावांचे नुकसानही होते, आणि ते उघड्या डोळ्यांनी दिसणारे आहे. वाड्यांमधले रस्ते एका बैलगाडीच्या रुंदीचे, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे. समोरासमोर दोन मोठ्या गाड्या आल्या की सगळी वाहतूक ठप्प होते, आणि त्या खोळंब्यात गावातला आजारी माणूसही अडकतो. याहून वाईट प्रकार पुळणीवर घडतो. ओहोटीची ओली वाळू वरून टणक दिसते, म्हणून हौशी लोक गाडी खाली उतरवतात. चाकाच्या वजनाने वरचा थर फुटतो, चाक जागीच फिरू लागते आणि जितका जोर लावावा तितके रुतत जाते. तोवर भरती सुरू होते. मग ट्रॅक्टर शोधायला गावकऱ्यांनाच पळावे लागते. हिवाळ्यात याच वाळूत कासवीण रात्री येऊन अंडी घालते. वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर गावकरी आणि कार्यकर्ते ती घरटी जपत आले आहेत. त्या पुळणीवरून एक गाडी फिरली तरी वाळू दाबली जाते आणि पिलांना वर येणे अवघड होते. किनारा आवडतो म्हणून येणाऱ्याने तो तुडवू नये, एवढी अपेक्षा तरी रास्त आहे.

गाडीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे काही म्हणणे मान्य केलेच पाहिजे. दिवेआगर, काशीद, लाडघर, भोगवे, देवबाग ही ठिकाणे सुंदर आहेत, पण स्टँड, दवाखाना आणि बाजार यांपासून दूर आहेत. तिथे गाडीशिवाय जाणाऱ्याने एकाच घरी राहण्या-जेवण्याची सोय आधी पक्की करावी आणि तिथून हलायचे नाही असे ठरवूनच जावे. पावसाळ्यात गेटवेच्या नेहमीच्या बोटी बंद असतात, सिंधुदुर्गाची होडीसेवा थांबते आणि जून ते ऑक्टोबर या काळात कोकण रेल्वे कमी वेगाच्या पावसाळी वेळापत्रकाने धावते. त्या दिवसांत समुद्रात उतरणेही जिवावर बेतू शकते. गाडीशिवायची किनाऱ्यावरची सुटी नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत सर्वांत सुखाची होते.

जागा निवडण्याची रीत या सगळ्यातून आपोआप निघते. आधी आगार किंवा स्टेशन जवळ असलेले गाव ठरवावे. मग त्या गावात खोलीपासून पाच गोष्टी पायी गाठता येतात का ते पाहावे: समुद्र, जेवण, एसटी थांबा, औषधाचे दुकान आणि किराणा. खोलीचे फोटो सर्वांत शेवटी पाहावेत. फोनवर मालकाला नेमके प्रश्न विचारावेत. समुद्र पाच मिनिटांवर आहे असे सांगितले तर ती मिनिटे चालत की गाडीने, हे विचारून घ्यावे. वाटेत चढ किंवा पायऱ्या किती, रात्री दिवे आहेत का, दोन्ही वेळचे जेवण घरी मिळते का, स्टँडवरून रिक्षावाला किती घेतो आणि परतीच्या पहाटेच्या गाडीला सोडायला कोणी येईल का, हेही विचारावे. ज्या घरी नेहमी एसटीने येणारे पाहुणे उतरतात तिथे ही उत्तरे लगेच मिळतात. जिथे उत्तरादाखल पार्किंगची प्रशस्त सोय सांगितली जाते, ती जागा गाडीवाल्यांसाठी आहे असे समजून दुसरी शोधावी.

गाडीशिवाय सुटी घालवणे मराठी माणसाला नवे नाही. माथेरानला वाहने दस्तुरी नाक्यापाशी थांबतात, तिथून पुढे पायी, घोड्यावर किंवा १९०७ पासूनच्या छोट्या रेल्वेने जाता येते. म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना घेऊन हजारो कुटुंबे तिथे जातात आणि गाडी नसण्यालाच तिथले मोठे सुख मानतात. डोंगरावर जे चालते ते समुद्रावर चालणार नाही, असे मानण्याला काहीही आधार नाही. किनाऱ्याला माथेरानसारखी बंदी नाही, म्हणून तिथला संयम प्रत्येकाने स्वतःच पाळायचा आहे. पुढच्या सुटीचा बेत आखताना आधी गाव ठरवावे, मग घर, मग तिकिटे. एवढे करूनही गाडीची गरज उरली तर ती खुशाल न्यावी. बहुतेक कुटुंबांना ती उरणार नाही.